ओव्हरवॉचमध्ये जुनी मर्सी परत आणायची: वर्कशॉपमधला पूर्ण क्रम

ओव्हरवॉच या टीम-शूटर खेळाच्या वर्कशॉपमध्ये (खेळाचे नियम स्वतः लिहायची आतलीच सोय) जुना हिरो उभा करायला बसलेले बहुतेक जण एकच चूक करतात. जी ताकद त्यांना आठवते, आवडते, तिच्यापासूनच ते सुरुवात करतात. ती चालायला लागली की खूश होऊन कोड मित्रांना पाठवतात. मग सामन्यात कळतं की आजच्या हिरोची सगळी अस्त्रं तशीच शाबूत आहेत आणि जुनं अस्त्र त्यांच्यावर चढवलेलं आहे. त्याला जुना हिरो म्हणता येत नाही. तो तिसराच कुणीतरी झालेला असतो, आणि त्याच्यासमोर खेळणाऱ्या टीमवर तो अन्याय असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कुठली आवृत्ती ते ठरवायचं, मग नवं बंद करायचं, मग जुनं बांधायचं, मग आकडे जुळवायचे, शेवटी तपासणी. इथे उदाहरण साथीदारांना बरं करणाऱ्या मर्सीचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त मागणी तिच्या जुन्या अल्टला (अल्टिमेट, म्हणजे हळूहळू भरणारी सगळ्यात मोठी ताकद) असते. सप्टेंबर २०१७ च्या पॅचपर्यंत रिझरेक्ट हेच तिचं अल्टिमेट होतं आणि जवळपास पडलेले सगळे साथीदार एकदम उठायचे. त्या पॅचने अल्टच्या जागी व्हल्कीरी आली आणि रिझरेक्ट एका वेळी एकालाच उठवणारी साधी ॲबिलिटी झाली. हा क्रम नीट समजला की टॉर्बयोर्न, बॅस्टियन, डूमफिस्ट यांच्यासाठीही तोच वापरता येतो.

१. काय परत येऊ शकतं ते आधी ओळखा

वर्कशॉपला नियम बदलता येतात. मॉडेल, ॲनिमेशन आणि आवाज बदलता येत नाहीत. त्यामुळे कुठलाही हिरो हाती घेण्यापूर्वी त्याच्या जुन्या रूपाचे तीन भाग पाडा.

पहिला भाग निव्वळ आकड्यांचा: हेल्थ, डॅमेज, वेग, कूलडाउन (ताकद पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ). हे जवळजवळ नेहमीच जमतं. दुसरा भाग ‘बटण दाबलं की अमुक घडतं’ अशा गोष्टींचा. मर्सीचं सामूहिक रिझरेक्ट यातच येतं. टॉर्बयोर्नचे जुने आर्मर पॅकही यात बसतात, कारण खेळाडूला वरून आर्मर देणारी कृती वर्कशॉपमध्ये आहे. बॅस्टियनचं स्वतःला दुरुस्त करणंही असंच बांधता येतं.

तिसरा भाग खेळाच्या आत घडवलेल्या वस्तूंचा. ओरिसाची जुनी ढाल, सिमेट्राचे सहा टरेट (आपोआप मारा करणारी यंत्रं), टॉर्बयोर्नच्या टरेटची तिसरी पातळी. खरोखर गोळ्या अडवणारी ढाल वर्कशॉप बनवून देत नाही. रंगीत गोल दाखवून तिचा आभास करता येतो, पण त्यात खेळणाऱ्याची फसवणूक होते. मी असले हिरो हातीच घेऊ नका असं सांगेन.

सावध: जुनं मॉडेल किंवा आवाज परत आणण्यासाठी खेळाच्या फाइल बदलणारी बाहेरची साधनं वापरू नका. ते वापराच्या अटींविरुद्ध आहे आणि त्यात खातं बंद होऊ शकतं. या लेखातलं सगळं काम खेळातल्याच साधनांनी होतं.

२. ‘जुनी’ म्हणजे नेमकी कधीची?

हा टप्पा लोक गाळतात आणि मग लॉबीत (सामन्यासाठी सगळे जमतात तिथे) वाद होतात. मे २०१६ मध्ये खेळ आला तेव्हाची मर्सी आणि २०१७ च्या उन्हाळ्यातली मर्सी एकच नव्हे. मधल्या काळात तिच्या अल्टवर बरेच हात फिरले. सुरुवातीला रिझरेक्ट करताना तिला मारता यायचं, नंतर त्या क्षणापुरतं तिला अभय मिळालं. भिंतीपलीकडच्या साथीदाराला उठवता यावं की नाही, हेही बदललं.

अधिकृत पॅच नोट्स उघडा, एक तारीख निवडा आणि त्या तारखेची मर्सी कागदावर लिहून काढा. एवढे मुद्दे पुरतात: हेल्थ किती, अल्टचा पल्ला किती (सामूहिक रिझरेक्टसाठी १५ मीटर), मधे भिंत चालते का, अल्टच्या वेळी मर्सीला इजा होते का, उठलेल्यांना किती वेळ अभय. दोन तारखांची सरमिसळ करू नका. आठवणीवर तर मुळीच विसंबू नका. आठवणीत सगळे हिरो होते त्यापेक्षा जास्त दणकट असतात.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक मुद्द्यापुढे ‘आकडा’, ‘बटण’ किंवा ‘अशक्य’ यांपैकी एक शब्द लिहिता येतोय का? येत नसेल तर तो मुद्दा अजून नीट समजलेला नाही.

३. लॉबी त्या काळाची करा

कस्टम गेम्समध्ये नवी लॉबी उघडा आणि वर्कशॉपला हात लावण्यापूर्वी एवढं करा:

– दोन्ही टीम सहा-सहा जणांच्या ठेवा. पाच जणांची टीम ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसऱ्या भागासोबत आली. सामूहिक रिझरेक्टची किंमत सहाच्या हिशोबाने ठरलेली होती.
– रोलची (टँक, डॅमेज, सपोर्ट) मर्यादा काढून टाका. ती २०१९ मधली आहे.
– एका टीममध्ये एक हिरो एकदाच, ही मर्यादा मात्र ठेवा. एका टीममध्ये दोन जुन्या मर्सी असल्या की लढाई संपतच नाही.
– पर्क्स बंद ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेले हे पर्क्स सामन्याच्या मध्येच हिरोचा स्वभाव बदलतात.
– साथीदार वेगवेगळ्या देशांत असतील तर डेटा सेंटरची निवड आधीच ठरवून ठेवा. रिझरेक्टचा सगळा खेळ क्षणाचा असतो. एकाचा पिंग (सर्व्हरपर्यंतचा विलंब) खूप वर गेला तर चूक नियमात आहे की नेटमध्ये, ते कळणार नाही.

हिरो सेटिंग्जमध्ये जाऊन मर्सीच्या ॲबिलिटी मात्र बंद करू नका. काही गोष्टी हिरो सेटिंग्जमध्ये आणि काही वर्कशॉपमध्ये असं विखुरलं की पुढे दोष शोधताना दोन्हीकडे धावावं लागतं. मर्सीबद्दलचं जे काही असेल ते सगळं नियमांतच ठेवा.

४. आधी नवं बंद करा

आता वर्कशॉप उघडा. प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात: घटना, अटी आणि कृती. पहिला नियम असा:

घटना: ऑनगोइंग – ईच प्लेयर, दोन्ही टीम, हिरो मर्सी.
अट: हॅज स्पॉन्ड (इव्हेंट प्लेयर) खरं. इव्हेंट प्लेयर म्हणजे ज्याच्यासाठी नियम चालतोय तो खेळाडू.
कृती: सेट ॲबिलिटी २ एनेबल्ड – खोटं. सेट अल्टिमेट ॲबिलिटी एनेबल्ड – खोटं.

ॲबिलिटी २ म्हणजे तिचं आजचं एकाला उठवणारं रिझरेक्ट. ॲबिलिटी १ म्हणजे गार्डियन एंजल, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या कृतीने व्हल्कीरी बंद होते. अल्टचं बटण आपण पुढे आपल्या कामाला घेणार आहोत.

लगेच दुसरा नियमही लिहा, आणि हा टाळू नका. बंद केलेली ॲबिलिटी खेळाडूला चिकटून राहते. मर्सी सोडून तो ॲना झाला तरी त्याची ॲबिलिटी २ आणि अल्ट बंदच राहील, आणि बिचारा ग्रेनेड का टाकता येत नाही म्हणून चॅटमध्ये विचारत बसेल.

घटना: ऑनगोइंग – ईच प्लेयर, सगळे हिरो.
अट: हिरो ऑफ (इव्हेंट प्लेयर) मर्सी नाही.
कृती: वरच्या दोन्ही कृती, पण ‘खरं’ या किमतीने. पुढे हेल्थ बदलाल तेव्हा तीही इथेच १०० टक्क्यांवर आणायची.

तपासा: एकटेच लॉबीत शिरा. मर्सी घ्या. रिझरेक्ट चालत नाही, व्हल्कीरी लागत नाही, पण अल्टचा मीटर १०० पर्यंत भरतो, असं दिसायला हवं. मग हिरो बदला आणि नव्या हिरोचं सगळं चालतंय ना ते बघा. परत मर्सी घ्या आणि पुन्हा तेच तपासा. हे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

५. कोण कुठे पडला याची नोंद

रिझरेक्ट ही कृती मेलेल्याला तो पडला त्याच जागी उठवते. पण तो मर्सीपासून १५ मीटरच्या आत पडला होता का, हे ठरवायला ती जागा आपल्याकडे लिहिलेली हवी. मेलेला खेळाडू आत्ता कुठे आहे असं विचारण्यापेक्षा मरणाच्या क्षणीच जागा टिपून ठेवणं खात्रीचं.

‘पडल्याची जागा’ या अर्थाचा एक प्लेयर व्हेरिएबल (प्रत्येक खेळाडूची वेगळी नोंद ठेवणारा कप्पा) बनवा. तो ग्लोबल, म्हणजे सगळ्यांसाठी एकच, नको. ग्लोबल घेतलात तर शेवटी मेलेल्याचीच जागा त्यात उरते आणि बाकीचे हरवतात.

घटना: प्लेयर डाइड, दोन्ही टीम, सगळे हिरो.
कृती: इव्हेंट प्लेयरच्या त्या व्हेरिएबलमध्ये पोझिशन ऑफ (इव्हेंट प्लेयर) ठेवा.

या घटनेत इव्हेंट प्लेयर म्हणजे मेलेला, मारणारा नव्हे. नोंद पुसायची गरज नाही. पुढे आपण मेलेल्यांच्या यादीतूनच निवड करणार आहोत, त्यामुळे स्पॉनवरून (मेल्यावर परत येण्याच्या जागेवरून) परत आलेला खेळाडू आपोआप यादीबाहेर जातो.

६. सामूहिक रिझरेक्ट बांधा

हा गाभा आहे, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतात. सावकाश करा.

घटना: ऑनगोइंग – ईच प्लेयर, दोन्ही टीम, मर्सी.
अटी: अल्टिमेटचं बटण दाबलेलं आहे. अल्टिमेट चार्ज १०० टक्के आहे. इव्हेंट प्लेयर जिवंत आहे.

कृती, याच क्रमाने:

क) निवड. फिल्टर्ड ॲरे (अट लावून गाळलेली यादी) वापरा. आत ऑल डेड प्लेयर्स, टीम म्हणून टीम ऑफ (इव्हेंट प्लेयर). गाळणीची अट: मर्सीची जागा आणि करंट ॲरे एलिमेंटची (यादीतला सध्या तपासला जाणारा खेळाडू) पडल्याची जागा यांतलं अंतर १५ किंवा त्याहून कमी. निकाल मर्सीच्या स्वतःच्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याला ‘उठणारे’ म्हणू.

ख) अबॉर्ट इफ: ‘उठणारे’ची संख्या शून्य असेल तर इथेच थांबा. नाहीतर कुणी पडलेलं नसताना चुकून बटण दाबलं तरी अख्खं अल्ट वाया जाईल.

ग) सेट अल्टिमेट चार्ज – शून्य.

घ) रिझरेक्ट – ‘उठणारे’.

च) सेट स्टेटस – ‘उठणारे’, इनव्हिन्सिबल, तुमच्या कागदावर असेल तितका वेळ. तुमच्या तारखेच्या मर्सीला अभय असेल तर तिच्यासाठीही हीच कृती वेगळी लावा.

छ) प्ले इफेक्ट – मर्सीच्या जागी सोनेरी वलय, त्रिज्या १५. हे सजावटीपेक्षा समोरच्या टीमसाठी जास्त गरजेचं आहे. चार जण का उठले हे त्यांना दिसलं पाहिजे.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात नेहमीची: गाळणीत करंट ॲरे एलिमेंटऐवजी इव्हेंट प्लेयर लिहिणं. मग मर्सीपासून प्रत्येकाच्या जागेचं अंतर मोजलं जात नाही. मर्सीची सध्याची जागा आणि ती स्वतः शेवटची जिथे पडली होती ती जागा, यांतलं अंतर मोजलं जातं. याचं लक्षण ओळखायला सोपं आहे: एकतर मॅपभरचे सगळे उठतात, नाहीतर कुणीच उठत नाही. अधलंमधलं काही घडत नाही.

दुसरी: यादी व्हेरिएबलमध्ये न ठेवता प्रत्येक कृतीत ती गाळणी नव्याने लिहिणं. रिझरेक्ट झाल्याझाल्या ते खेळाडू मेलेल्यांच्या यादीतून निघतात. मग पुढच्या कृतीला रिकामी यादी मिळते आणि अभय कुणालाच लागत नाही. लोक सेट स्टेटसला दोष देतात, खरा दोष वरच्या ओळीत असतो.

तिसरी: नियम सतत फिरता राहावा म्हणून शेवटी लूप लावणं. इथे त्याची गरजच नाही. सगळ्या अटी खोट्यावरून खऱ्या झाल्या की नियम एकदा चालतो. चार्ज शून्य झाला की अट खोटी होते आणि नियम पुढच्या वेळेसाठी आपोआप तयार होतो. वेट न देता लावलेला लूप सर्व्हरवर इतका भार टाकतो की खेळ बंदच पडतो.

तुमची आवृत्ती भिंतीआडून उठवू देत नसेल तर गाळणीत इज इन लाइन ऑफ साइट जोडा. पण पोझिशन ऑफ पायाची जागा देतं, आणि पायापासून पायापर्यंत ओढलेली रेघ थोड्याशा चढावालाही अडते. म्हणून मर्सीकडून आय पोझिशन घ्या आणि पडल्याच्या जागेत वरच्या दिशेने एक मीटर मिळवा. एवढ्याने ‘समोर दिसतोय तरी उठत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा संपते.

सावध: खड्ड्यात पडून मेलेला खेळाडू खड्ड्यातच उठतो आणि पुन्हा मरतो. तो मर्सीच्या पायाखाली बराच खोल पडला असेल, समजा पाच मीटरहून जास्त, तर त्याला गाळणीतून वगळा. वाय कॉम्पोनंट ऑफने दोन्ही उंचींतला फरक काढता येतो.

७. आता आकडे

आकडे शेवटी, कारण आजच्या खेळातले मूळ आकडे पॅचगणिक हलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्याच हिरोंची हेल्थ वाढवली गेली आणि काही वेळ मार बसला नाही की आपोआप हेल्थ भरण्याची सोयही सगळ्यांना मिळाली. जुन्या मर्सीची हेल्थ २०० होती.

सेट मॅक्स हेल्थ टक्क्यांत मागतं. जुना आकडा भागिले आजचा आकडा, गुणिले १००. लॉबीत तुम्हाला मर्सीची हेल्थ २५० दिसत असेल तर उत्तर ८०. ही कृती चौथ्या टप्प्यातल्या पहिल्या नियमात टाका आणि दुसऱ्या नियमात १०० ची परतफेड विसरू नका.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. मर्सीला २०० वर आणलं आणि बाकीचे आजच्याच हेल्थवर, आजच्याच डॅमेजवर राहिले, तर ती जुन्यापेक्षा दुबळी होते. माझं मत असं: फक्त एक हिरो जुना असेल तर त्याची हेल्थ आजचीच ठेवा आणि वागणूक तेवढी जुनी करा. हेल्थ खाली आणायची असेल तर सगळ्यांचीच आणा. अल्ट किती लवकर भरतं, हे मात्र जुळवावंच लागेल. आजच्या वेगाने भरणाऱ्या मीटरवर सामूहिक रिझरेक्ट दिलं तर प्रत्येक दुसऱ्या लढाईत टीम उठून उभी राहील. दोन-तीन सामने खेळून बघा आणि त्याप्रमाणे वेग कमी करा.

८. तपासणीचा नियम लिहा, मग खेळा

मित्रांना बोलावून ‘आता तुम्ही सगळे मरा’ असं सांगत बसू नका. लॉबीत एआय खेळाडू भरा आणि एक तात्पुरता नियम लिहा: होस्ट प्लेयरने इंटरॅक्टचं बटण दाबलं की त्याच्या टीममधले बाकीचे सगळे किल व्हावेत आणि होस्टचा अल्ट चार्ज १०० व्हावा. मग हे बघा:

– सगळे जवळ: सगळे उठले का?
– दोघं जवळ, बाकीचे लांब: फक्त दोघंच उठले का?
– समोरच्या टीमचा कुणी जवळ मेलेला: तो उठता कामा नये.
– मर्सी स्वतः मेलेली असताना बटण: काही घडता कामा नये.
– बटण दाबून धरलं: एकदाच चाललं पाहिजे.
– इलिऑसचा विहिरीचा भाग: विहिरीत पडलेल्याचं काय होतं?
– हिरो बदलून परत मर्सी: सगळं पहिल्यासारखं?

काही बिघडलं तर वर्कशॉप इन्स्पेक्टर उघडा आणि ‘उठणारे’ या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघा. यादी बरोबर असून कुणी उठत नसेल तर दोष कृतींत आहे. यादीच चुकीची असेल तर गाळणीत. अंदाजाने इकडेतिकडे बदल करण्याआधी एवढं विभाजन केलं तरी अर्धं काम होतं.

सावध: तपासणीचा नियम कोड देण्यापूर्वी बंद करा. तो चालू राहिला तर होस्टने चुकून इंटरॅक्ट दाबलं तरी त्याची टीम जागच्या जागी मरेल.

९. कोड, प्रत आणि पुढची देखभाल

लॉबीच्या सेटिंग्जमधून शेअर कोड घ्या. पण कोडवरच विसंबू नका, तो कायमचा नसतो. पीसीवर सगळे नियम मजकूर म्हणून कॉपी होतात. ती प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि वर पॅचची तारीख व तुम्ही निवडलेली आवृत्ती लिहा. कन्सोलवर काम करत असाल तर पीसीवाल्या मित्राकडून कोड उघडून त्याची प्रत काढून घ्या.

लॉबीच्या नावात आवृत्ती सांगा. ‘जुनी मर्सी’ एवढंच लिहू नका, ‘सप्टेंबर २०१७ आधीची मर्सी, सामूहिक रिझरेक्ट’ असं लिहा. येणाऱ्याला आत शिरण्याआधीच कळलं की निम्मी भांडणं होत नाहीत.

प्रत्येक मोठ्या पॅचनंतर चौथा टप्पा पुन्हा तपासा, तोच सगळ्यात आधी मोडतो. वर्कशॉप ॲबिलिटीला तिच्या नावाने ओळखत नाही, ती कुठल्या बटणाच्या जागेवर आहे त्यावरून ओळखतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रोडहॉगच्या बाबतीत हेच झालं. टेक अ ब्रीदर दुसऱ्या बटणावर गेलं आणि त्याच्या जुन्या जागेवर पिग पेन हा सापळा आला. ज्या नियमांत ‘ॲबिलिटी २ म्हणजे ब्रीदर’ असं धरलं होतं, ते नियम कुठलीही चूक न दाखवता सापळ्यावर चालायला लागले. म्हणून पॅच आला की हिरोच्या पानावर जाऊन कुठल्या बटणावर काय आहे ते वाचा, आठव्या टप्प्यातली यादी परत एकदा चालवा आणि मगच नवा कोड काढा.